तवंदी घाटातलं तीर्थ

कल्याणी खोटं बोलते असं मी बेळगावात कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. आम्ही दोघी मुलींच्या एकाच शाळेत शिकवत होतो. मी मराठी आणि शिवण, ती गणित आणि आरोग्य. माझ्या वर्गात पोरी खुशाल थापा मारायच्या, कारण मला हसू आवरत नसे. तिच्या वर्गात खोटं बोलणारी बाकावर उभी राहायची, आणि बाई फळ्याकडे वळल्या की तिला विसरून जायच्या. बिचारी घंटा होईपर्यंत तशीच उभी.

तर अशी ही बाई दर महिन्याला निपाणीच्या मोटारीत बसायची, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं धरायची, आणि गाडीभर लोकांसमोर धडधडीत सांगायची, "नवसाचं तीर्थ आहे. वाटेत उघडायचं नाही, खाली टेकवायचं नाही."

मडक्यात विहिरीचं पाणी असायचं. त्या पाण्यात दोरीनं सोडलेली काचेची बरणी, बरणीत कापूस, आणि कापसात इन्शुलिनची बाटली.

ती बाटली गोपाळसाठी. गोपाळ तिचा धाकटा भाऊ. आईवडील प्लेगात गेले तेव्हा तो रांगत होता. कल्याणीचं लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, ती परत आली, शिकली, मास्तरीण झाली आणि गोपाळला वाढवलं. पुढं तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून म्हणून लागला, यशोदाशी त्याचं लग्न झालं, आणि तिशी गाठायच्या आत त्याला मधुमेह निघाला. तोही असा, की सुई चुकली तर माणूस आठवड्यात अंथरूण धरायचा. बेळगावच्या डॉक्टरांनी कल्याणीला बजावून ठेवलं होतं: औषध थंड राहिलं पाहिजे, पण बर्फात घालायचं नाही, गोठलं तरी वाया आणि उन्हात तापलं तरी वाया. म्हणून हे मडकं. पाझरत राहतं, वारा लागला की आतलं पाणी गार होतं. निपाणीत पोचलं की यशोदा ती बरणी परसातल्या आडात, पाण्याच्या वर हातभर, टांगून ठेवायची.

पण मग तीर्थ कशाला? खरं सांगितलं तर काय बिघडत होतं? तेही करून झालं होतं. पहिल्या खेपेला कल्याणीनं शेजारणीला सरळ सांगितलं होतं, सुईचं औषध आहे म्हणून. आमच्या भागात प्लेगाच्या दिवसांत लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिलेले, दंडावर लशीच्या सुया टोचून घेताना ओरडलेले. म्हाताऱ्यांच्या डोक्यात सुई आणि प्लेग यांची जोडी पक्की बसलेली. "पलेगाची बाटली हाय!" अशी एक हाक गेली आणि लोकांनी बाईला वाटेत हत्तरगीला खाली उतरवलं. भर दुपारी ती मडकं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. मागची मोटार मिळेपर्यंत औषध तापलं आणि फेकून द्यावं लागलं. त्यानंतर ती तीर्थवाली झाली. आणि काय सांगू, लोक उठून तिला खिडकीजवळची जागा द्यायचे! कुणी मडक्याला हळदकुंकू लावायचं. कल्याणी मान खाली घालून बसायची. मला वाटे, मनातल्या मनात बाकावर उभी असावी.

दुसऱ्या मोठ्या लढाईची ती शेवटची वर्षं. औषध मिळेनासं झालं होतं. त्या मे महिन्यात बेळगावातल्या औषधांच्या दुकानांत एकही बाटली नव्हती. कल्याणीनं खेटे घालून घालून चपला झिजवल्या. इकडे यशोदाचा निरोप आला, की आडातली बाटली संपली, गोपाळ सारखा पाणी पितोय आणि उठून बसवत नाही. त्याच सकाळी एका दुकानदारानं तिला हाक मारून एक बाटली हातात ठेवली आणि म्हणाला, "बाई, ही एकच आली. दुसरी कधी येईल ते देवालाच विचारा." मी म्हटलं, मीही येते. सुट्टी होती, आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पेट्रोल सगळं लढाईला. पाठीमागे भट्टी लावलेली, तिची धग पाठीला, आणि वरून मे महिना. संकेश्वरला पोचेस्तोवर लोकांच्या तांब्यांतलं पाणी संपलं होतं. आमच्या पुढच्या बाकावर बोरगावचं एक जोडपं होतं, मष्णू आणि रुक्माबाई. लेकीकडून परत निघालेले. मष्णू म्हातारा, डोक्याला मोठा पटका, सकाळपासून तोंडात पाण्याशिवाय काही नाही, कारण लेकीच्या घरचं खाऊन निघायला उशीर झाला असता. रुक्माबाई सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं त्याच्यावर तोंडसुख घेत होती. कल्याणीच्या मडक्याला तिनं दोनदा हात लावून नमस्कार केला.

तवंदीचा घाट चढताना मोटारीनं दम टाकला. इंजिनातून वाफ उसळली आणि ड्रायव्हर आण्णाप्पा कपाळाला हात लावून खाली उतरला. त्याची पाण्याची छागल कधीच रिकामी झाली होती. घाटातला ओढा मे महिन्यात कोरडा ठणठणीत. कंडक्टर डबा घेऊन स्तवनिधी गावाच्या बाजूला पाणी आणायला गेला. आण्णाप्पा मात्र मडक्याकडे बघत आमच्या खिडकीशी आला.

"बाई, त्येवढं पानी द्या. इंजनात घालतो, गाडी घाट वलांडती."

कल्याणीनं मडकं छातीशी धरलं. "नाही. नवसाचं आहे."

"आवो, गाडीच न्हाय चालली तर नवास कसा फिटायचा?"

तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण तिला उत्तर द्यावंच लागलं नाही. रुक्माबाईच खिडकीतून अर्धी बाहेर आली. "आण्णाप्पा, तीर्थ इंजनात वततोस? जीभ झडंल न्हवं का रं!" मागून चारपाच जणांनी री ओढली. आण्णाप्पा मागं सरला. कल्याणीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ती माझ्या कानात म्हणाली, "विनू, मी ह्या लोकांच्या श्रद्धेवर बसून प्रवास करते आहे." मी म्हटलं, आधी निपाणीला पोच, मग पश्चात्ताप कर.

लोक उतरून करवंदीच्या जाळीच्या तुटपुंज्या सावलीत बसले. कल्याणी मडकं घेऊन वाऱ्याच्या दिशेला उभी, खाली टेकवता येत नाही असं तिनंच सांगितलेलं. हात भरून आले की माझ्याकडे द्यायची. फडकं सुकत चाललं होतं. मडक्यातलंच चूळभर पाणी फडक्यावर शिंपडावं असं वाटे, पण उघडणार कसं? सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच.

कंडक्टर येईना. आणि मग मष्णू, जो मघापासून गप्प होता, बसल्या जागी कलंडला.

रुक्माबाईनं आधी त्याला शिवी हासडली. मग हात लावून बघितलं आणि तिचा आवाजच गेला. त्याचं अंग कोरडं होतं आणि तव्यागत भाजत होतं. डोळे अर्धे उघडे, आत बुबुळं वर गेलेली. तो काहीतरी बरळला. कुणीतरी म्हणालं, "ऊन लागलं." दुसरं कुणी हळूच म्हणालं, "संपलं आता."

मग सगळी माणसं आमच्याकडे वळली. मरणाऱ्याच्या तोंडात तीर्थ घालायला नाही कोण म्हणेल? नवस असो नाहीतर आणखी काही असो.

रुक्माबाई गुडघ्यांवर पुढं आली आणि तिनं पदर पसरला. "बाई, चमचाभर. त्येंच्या तोंडात घाला. पुन्याईनं तुमी हितं हाय. मग मी काय मागत न्हाय."

कल्याणी वाकली आणि मष्णूच्या कपाळावर हात ठेवला. तिनं ते किती वेळा वर्गात शिकवलं होतं, मला ठाऊक होतं. फळ्यावर मी वाचलेलंही होतं: उष्माघात, त्वचा कोरडी, रोग्यास तत्काळ थंड पाण्यानं भिजवावे. चमचाभर नव्हे. असेल नसेल ते सगळं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "गोपाळ," एवढंच म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर इतकी भीती बघितलेली नाही, मरणाऱ्यांच्यासुद्धा.

मग तिनं मडक्याचं फडकं सोडलं, दोरी ओढून बरणी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. "पदराखाली धर. उन्हात येऊ देऊ नकोस."

"ह्ये काय?" रुक्माबाई म्हणाली.

"औषध. माझ्या भावाचं. हे तीर्थ नाही, बाई, मी खोटं बोलले. विहिरीचं पाणी आहे. आणि ह्यांना तीर्थ नकोच आहे, पाणीच हवंय. पटका सोडा."

तिनं पाणी ओतलं. आधी डोक्यावर, मग मानेवर, छातीवर, काखेत. थेंब न थेंब. पटका भिजवून त्याच्या अंगावर पसरला आणि पदरानं वारा घालायला लागली. ओरडून दोघांना त्याच्यावर सावली धरायला लावलं. माझ्या मुठीत बरणी होती. आधी ती इतकी गार होती की बोटांना बरं वाटत होतं. हळूहळू तसं वाटेनासं झालं. मी हात बदलत राहिले, फुंकर मारत राहिले, जणू माझ्या फुंकरीत बर्फ होता.

कुणीतरी मागं म्हणालंच, "सुईची बाटली हाय. पलेगाची." बायका मुलांना जवळ ओढून मागं सरकल्या. आण्णाप्पा म्हणाला, "मास्तरीणबाई, फशीवलं की तुमी सगळ्यांस्नी. ती बाटली मी गाडीत घेनार न्हाय."

तेवढ्यात मष्णूनं घसा खाकरला आणि अगदी बारीक आवाजात रुक्माबाईला विचारलं, गाडी का थांबली म्हणून.

रुक्माबाई रडायला लागली, आणि रडत रडतच उठून आण्णाप्पासमोर उभी राहिली. "न्हाय घेनार? आमच्या मानसासाठी त्यांनी आपलं मडकं रिकामं केलंय. त्यांची बाटली ऱ्हायली तर मीबी ऱ्हाते, आन् ह्येंच्यासकट ऱ्हाते. मग जा तू निपानीला, सांग काय सांगायचं ते." पुढं ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. आण्णाप्पानं हात जोडले.

कंडक्टर डबा घेऊन आला तेव्हा रुक्माबाईनं इंजिनाच्या आधी ओंजळभर पाणी काढून घेतलं. ते मडक्यात ओतून त्यात बरणी ठेवली आणि नवऱ्याचा ओला पटका त्यावर गुंडाळला. निपाणी येईपर्यंत तिनं ते मडकं स्वतःच्या हातानं खिडकीबाहेर वाऱ्यात धरलं होतं. कल्याणी रिकाम्या हातांनी बसली होती. तिला ते हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

गोपाळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. श्वास खोल, तोंडाला साखर चढल्याचा तो गोडसर वास. निपाणीच्या डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून बघितली. आतलं औषध स्वच्छ दिसत होतं. "दिसण्यावरून काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "टोचून बघायचं, आणि उद्या लघवी तपासायची. दुसरं आपल्या हातात काही नाही." सुई टोचताना गोपाळनं डोळे उघडले. "आक्का, गार राहिलं होतं ना?"

"हो," कल्याणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लघवीची परीक्षानळी दिव्यावर तापवली. आदल्या संध्याकाळी त्या नळीतला रंग विटकरी लाल झाला होता. आज तो हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. साखर उतरली होती. यशोदा देवापाशी धावली. कल्याणीनं ती नळी स्वतः उजेडात धरून पुन्हा एकदा बघितली.

एवढ्यावर मी ही हकीगत संपवली असती. पण दिवाळीच्या आधी मष्णू तंबाखू घेऊन वखारीत आला, आणि तंबाखू वजनाला चढवता चढवता त्यानं कारकुनाला तवंदीच्या घाटातली मास्तरीणबाई ऐकवली. कारकून म्हणजे गोपाळ.

भाऊबीजेला कल्याणी निपाणीला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. दुपारी मी तिच्याकडे गेले तर दारात गोपाळ. पहिल्या मोटारीनं आला होता. तो आत येऊन उभाच राहिला. कल्याणी स्वयंपाकघरातून बाहेर येईना.

"आक्का," तो तिथूनच म्हणाला, "सगळे म्हणतात, तू केलंस ते योग्य केलंस. मीही म्हणेन. पण मी तुझ्या जागी असतो तर ओतलं नसतं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि मला जगायचं होतं."

कल्याणी बाहेर आली. तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "मला माहीत होतं तुला जगायचंय ते," ती म्हणाली. "ओततानाही माहीत होतं."

गोपाळनं मान हलवली. कोपऱ्यातला पाट त्यानं स्वतःच ओढून घेतला, मांडला आणि त्यावर बसला. टोपी नीट केली. मी तबकात निरांजन लावलं. कल्याणीनं टिळा लावला, तर कुंकू कपाळावर कमी आणि त्याच्या नाकावरच जास्त लागलं. ते पुसायला त्यानं हात वर केला नाही.