चिमूटभर युरिया

आमच्या प्रयोगशाळेत उपवासाचा खरेखोटेपणा तपासणारी एक चाचणी आहे. काचेच्या नळीत लघवीचा नमुना घ्यायचा, त्यात दोन ठरलेल्या पुड्या विरघळवायच्या आणि वरून हळूच अमोनिया सोडायचा. माणूस खरंच उपाशी असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटतं. पोटातली साखर संपली की यकृत चरबी मोडून कीटोन नावाची रसायनं तयार करतं, त्यांची ती खूण. मी नांदुऱ्यातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि या प्रयोगासाठी दर वर्षी मला अस्सल उपाशी माणूस शोधावा लागतो.

एकदा एकादशीला मी स्वतःचाच नमुना दिला. कडं काही आलं नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस, मग साखर संपणार कुठून? आमचे लॅब अटेंडंट चाचा नळ्या धुवायला आले. ही एक कोरी कशी, असं त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं. चाचा हसले नाहीत. नळी उजेडात धरून म्हणाले, "एकादशी अन् दुप्पट खाशी, मॅडम." त्यानंतरच्या रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडायला घरी निघण्याआधी त्यांनी आपणहून नमुना दिला. फिकट का होईना, कडं उमटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढे कित्येक महिने चाचा मला या गोष्टीची आठवण करून देत राहिले.

चाचा वडनेर भोलजीचे. तिथे त्यांची दोन एकर कपाशी आणि चार शेळ्या. पहाटे शेतात चक्कर मारून मग ते मोटरसायकलवर कॉलेजात येत. त्या कड्याच्या दिवशी मी वर्गात पुढचंही सांगितलं होतं. कीटोनांच्या घरातलाच एक रेणू आपण उपाशीपोटी जाळतो, आणि मातीतले काही जिवाणू तोच रेणू मण्यासारखा ओवून, माळा करून पोटात साठवतात. त्या माळा बाहेर काढल्या की चक्क प्लास्टिक मिळतं, आणि मातीत पुरलं तर मातीच ते खाऊन टाकते. चाचा मागे फडकं घेऊन उभे होते. वर्ग सुटल्यावर ते माझ्याकडे आले. त्यांच्या शेतात वखर फिरवला की दर वेळी पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, वर येते आणि पन्नी खाऊनच त्यांची एक शेळी मेली होती, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "सडणारी पन्नी असते, हे मले खरं वाटून नाही राह्यलं. मी रिटायर व्हायच्या आधी दाखवा."

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा अडीच वर्षं होती. मी ऐटीत हो म्हणाले.

चाचांनी स्वतःच्या शेतातली माती आणली, मी तिच्यातून जिवाणू वेगळे केले. रीत पुस्तकात स्पष्ट आहे. आधी जिवाणूंना पोटभर खाऊ घालून वाढवायचं, मग नुसत्या गूळपाण्यात सोडायचं. पण आमचे चंबू दर वेळी ताकासारखे गढूळ व्हायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर पेशी सगळ्या रिकाम्या. रंग दिल्यावर पोटात जे काळे दाणे दिसायला हवेत, त्यांचा पत्ता नसायचा. माझा राग नाकावरच असतो. मी विजेला बोल लावले, गुळाला लावले, रसायनं पुरवणाऱ्या दुकानदाराशी फोनवर भांडले. अशी दोन वर्षं गेली.

एका दुपारी डबा विसरला म्हणून मी परत आले, तर चाचा चंबूंच्या रांगेपुढे उभे. हातात कागदाची पुडी. बोटांच्या चिमटीत पांढरे दाणे घेऊन ते एकेका चंबूत सोडत होते, घरच्या माणसाच्या ताटात मीठ वाढावं तशा मायेनं. मी विचारलं, हे काय. ते जराही दचकले नाहीत.

"युरिया हाय, मॅडम. तुम्ही त्यायले नुसतं गूळपाणी देता. खताबिगर पीक कसं येईन? मी चिमूटभरच टाकतो, पहिल्यापासून."

मी ओरडले. "दोन वर्षं, चाचा! माझी दोन वर्षं मातीत घातली तुम्ही." दारात मुलं थबकली. चाचांनी पुडीची घडी घातली, खिशात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत नळ्या धुतल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ज्या माणसानं जिवाणूंना आपल्या कपाशीइतकं जपलं, त्याला मी मुलांसमोर बोलले होते. आणि युरिया का नको, हे दोन वर्षांत मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि समजावलं. जिवाणूला अंग वाढवायला, एकाचे दोन व्हायला नत्र लागतं, म्हणजे तुमचा युरिया. तो मिळाला की ते वाढतच सुटतात. तो नसेल आणि साखर मात्र भरपूर असेल, तर वाढ थांबते आणि उरलेली साखर त्या माळांच्या रूपात पोटात साठते. "मंजे लेकरं होऊन नाही राह्यले, म्हणून कोठी भरून राह्यले," चाचा म्हणाले. इतक्या वर्षांत मला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं. माफी मात्र माझ्या तोंडून निघाली नाही.

निवृत्तीला चारच महिने उरले होते. आम्ही नव्यानं चंबू लावले. या खेपेला पेशींचं पोट काळ्या दाण्यांनी गच्च भरलेलं दिसलं. चाचांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. पेशी फोडल्या, दाणे विरघळवले, काचेच्या बशीत वाळवले. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी बशीतून कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, दुधी तुकडा सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवला. निरोपाच्या शालीपेक्षा त्यांना त्याचंच अप्रूप. तरी जाताना म्हणाले, पन्नी तर झाली, पण सडते का ते आता माझी माती सांगेल.

मग माझ्या जिवाला घोर. पुस्तकातलं आमच्या काळ्या मातीत खरं ठरलं नाही तर? दिलेला शब्द अजून अर्धाच पुरा झाला होता.

कपाशीची वेचणी संपल्यावर चाचा एक कुंडी घेऊन आले. तुकडा त्यांनी तिच्यात पुरला होता, आणि बरोबरीला दुधाच्या पिशवीचा तेवढाच तुकडा. वर्तमानपत्रावर माती ओतली आणि चहाच्या गाळणीनं आम्ही दोघांनी ती चाळली. पिशवीचा तुकडा जसाच्या तसा निघाला. आमचा निघाला नाही. चाचांनी ढेकळं बोटांनी फोडून पुन्हा चाळली. काहीच नव्हतं. अडीच वर्षं खपून केलेली वस्तू नाहीशी झाली होती आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत होतो.

"कुंडीत चिमूटभर युरिया टाकायचं लई मनात आलं होतं," चाचा म्हणाले. "पण तुमचं बोलणं आठवलं. हात मागं घेतला."

माझं हसू थांबलं. जे आधीच म्हणायला हवं होतं ते मी तेव्हा म्हणाले. त्या दिवशी माझं चुकलं, चाचा. आणि खरं तेही सांगितलं, की कुंडीतली गोष्ट उलटी असते. तिथे मातीतल्या जिवाणूंना वाढू द्यायचं असतं, म्हणजे ते तुकडा लवकर फस्त करतात. युरिया टाकला असता तर बरंच झालं असतं.

चाचांनी रिकामी कुंडी उचलून काखेत घेतली.

"मंग आधी सांगा लागत होतं ना, मॅडम."