मामाजींच्या पायातले दादा

आपल्याच पायाला अहो-जाहो करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या यजमानांचा मामा निघाला. डावा पाय मामाजींचा स्वतःचा. तो ते चिखलात, शेणात बेधडक टाकत. उजव्याला मात्र ‘चला जी’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत.

त्याचं असं झालं. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात रुईची गाठ कोसळून त्यांची उजवी नडगी चुरडली. जखम चिघळली आणि अमरावतीच्या सर्जननी वीतभर हाड काढून टाकलं. त्या जागी डाव्या पायातलं बारकं हाड बसवायचं ठरलं, तर मामाजी म्हणाले, एक पाय तुम्ही नेला, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. तेव्हा त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, पुढे झाले आणि म्हणाले, माझं घ्या. ज्या मुलखात भाऊ शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडत, तिथे एकानं दुसऱ्याला हाड दिलं. दुसऱ्याचं हाड शरीर मानेलच असं नाही, असं सर्जननी बजावलं होतं. पण ते बसलं. आधी प्लास्टर, मग कुबड्या, मग नुसतं लंगडणं.

दादा कडक शिस्तीचे. पान, पत्ते, सिनेमा त्यांना वर्ज्य. म्हणून मामाजींच्या उजव्या पायालाही वर्ज्य. पानठेल्याकडे वळलं की तो जड होई म्हणे. एकदा आम्ही सारे सिनेमाला गेलो, तर मामाजी थिएटरच्या दारातून परत फिरले. कारण विचारलं तर म्हणाले, “मले यायचं होतं सूनबाई, पन दादा अडून बसले.” दादा त्या वेळी घरी घोरत होते. भावांचं भांडण झालं की मामाजी उजव्या पायात चप्पल घालत नसत, तो अबोला. माझ्या मते थंडीनं सुजून तो पाय चपलेत शिरत नसे, बाकी काही नाही. माझं मत कोणी विचारत नसे. मी सांगून टाकत असे.

पुढे बऱ्याच वर्षांनी दादा न्यूमोनियानं गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. अग्नी मामाजींनीच दिला. अस्थी पूर्णेत सोडल्या, आणि त्याच हिवाळ्यात मामाजींचा उजवा पाय ठणकू लागला. एक्स-रे काढला. बसवलेल्या हाडाला मधोमध तडा गेला होता. सर्जननी समजावलं, की एवढ्या वर्षांतही मधला भाग जिवंत झालाच नाही, तो काढून कमरेचं हाड भरायला हवं. नाही तर पाय मोडेल आणि मग कापावा लागेल.

मामाजींनी साफ नकार दिला. बायकोचं रडणं, भाच्याचं ओरडणं, कशालाच दाद देईनात. शेवटी मी खाटेशी बसले आणि विचारलं, काहून? छताकडे पाहत ते बोलले.

“एकदा जाळलं दादाले, याच हातानं. आता उरलेले बादलीत टाकू?”

यावर रडून भागणार नव्हतं. मी तशीच उठले, सर्जनना गाठलं आणि सांगितलं, काढाल तो तुकडा आमच्या हाती द्यायचा. ते चमकले, पण कबूल झाले. तेव्हा कुठे मामाजी टेबलावर चढले.

तुकडा माझ्या बोटाएवढाही नव्हता. पांढऱ्या फडक्यात बांधून तो मी यजमानांबरोबर पूर्णेवर पाठवला. पाय वाचला, थोडा आखूड झाला, इतकंच.

बरे झाल्यावर एका संध्याकाळी मामाजी मला पानठेल्यापाशी दिसले. पान हातात, खाल्लेलं नव्हतं. मी म्हटलं, सर्जन सांगत होते, दोन्ही टोकांना दादांचं हाड तुमच्यात असं मिसळलंय, की कुठे ते संपतात आणि कुठे तुम्ही सुरू होता हे त्यांनाही कळलं नाही. म्हणजे दादा आहेतच.

मामाजींनी उजव्या पायाकडे पाहिलं. पान तसंच ठेल्यावर ठेवलं.

“असतीन,” ते म्हणाले. “पन आता अडवत नाईत.”