सहा चौरस फूट

मुलांनो, काल आपलं विकायला काढलेलं एकरभर शेत मोजलं. बांधावरच्या शिरीषाखालून मोजणीदाराची फीत सरकली आणि मी डोळे मिटले. माझ्या तान्ह्या बहिणीला तिथे पुरलंय, तिच्या खुळखुळ्यासकट. बाबा दरवर्षी तेवढ्यापुरता नांगर उचलून घेत.

एकर म्हणताना ती जागा कुठे दिसत नसे. प्लॉटसाठी मी त्याचे चौरस फूट केले, त्रेचाळीस हजार पाचशे साठ, आणि त्यातले सहा माझ्याकडे बघू लागले.

“दोन बाय तीनची एवढी जागा वगळा,” मी म्हटलं.

मोजणीदार हसला. “आजी, सहा फुटांत काय मावतं हो?”

वारा नव्हता. तरी शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळल्या. सहीसाठी काढलेलं पेन मी पर्समध्ये परत ठेवलं.