शिवूचा तिसरा पेपर

शिवू गेल्याचं मला शाळेत कळलं. मी चौथीचा वर्ग घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "अक्का, घरी चला. शिवूअण्णा खांबावरनं पडलाय." हुमनाबादला एका दुकानाच्या गच्चीवर इंटरनेटचा ॲन्टेना बसवायला माझा धाकटा भाऊ लोखंडी खांबावर चढला होता. पुण्याच्या कंपनीत खुर्चीत बसून ज्यानं मोठमोठ्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळायची, तो माणूस खांबाला पाना लावताना मेला. महिना होऊन गेला तरी माझा राग उतरत नाही. रडू येतं तेही रागानंच. आणि गावात जो तो मला सांगतोय, की अक्का, काय निष्ठेचा माणूस होता!

आमचं गाव बसवकल्याण तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, हैदराबादला गेलं की हिंदी. पदवी झाल्यावर शिवू हैदराबादला अमीरपेठेत राहून नेटवर्किंग शिकला, तिथली पहिली परीक्षा पास झाला, आणि आई आजारी पडली तसा गावी परतला. त्याच्या वर्गातली पोरं एकेक करून पुण्याला, बेंगळुरूला निघून गेली होती. त्यानं वरची, प्रोफेशनल दर्जाची परीक्षा इथं बसून द्यायची ठरवली. जुन्या बाजारातून राऊटर आणि स्विच आणून ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत मांडले. त्यांच्या पंख्यांचा आवाज एवढा, की शेजारी विचारायचे, गिरणी टाकलीत का? पेपर तीन होते. दोन त्यानं हैदराबादला जाऊन पास केले. राहिला तिसरा, बिघाड शोधण्याचा. त्याची तयारी माझ्याकडे होती. तो चहा प्यायला बाहेर गेला, की मी एखादी वायर काढून भलतीकडंच खोचायची. परत येऊन तो शोधत बसायचा. "रस्ता बंद केलायस व्हय, अक्का? आता भालकीची बस हुमनाबादवरनं कशी जायलीय बघ!" असं म्हणून दुसऱ्या वाटेनं माहिती पलीकडं पोचवून दाखवायचा. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण बिघाड सापडला, की त्याचा चेहरा असा खुलायचा, की मी मुद्दाम आणखी अवघड खोड्या काढायची. पुण्याच्या कंपनीनं सांगितलं होतं, तिसरा पेपर झाला की ये. ठरल्या मुदतीत तो झाला नाही, तर आधीचे दोन्हीही वाया जाणार होते.

आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग कधी अंगावेगळं करत नाहीत. तान्हेपणी बांधतात, ते मेल्यावर मातीत ठेवताना हातात देतात. शिवू काही मोठा देवभक्त नव्हता. अंघोळ झाली, की पूजा कशीबशी उरकायचा, आणि अमीरपेठेत अंडी खायचा हेही मला ठाऊक होतं. पण लिंग काढून ठेवायचं, हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. आधीचे पेपर झाले ते केंद्र बंद पडलं होतं. तिसऱ्या पेपरला नव्या केंद्रात दारावरच्या बाईनं घड्याळ, पाकीट, अंगठी काढायला लावली आणि मग गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडं बोट केलं. "ये नै निकलता मॅडम," शिवू म्हणाला. बाई म्हणाली, मग आत जाता येणार नाही. तो तसाच परत आला. त्या बाईवर मी खूप चिडले, पण तो राग टिकला नाही. कारण फोन करून मी तिच्या साहेबाशी भांडले, तेव्हा कळलं, की आधी कळवलं तर डबी तपासून आत सोडतात. शिवूनं कळवलं. परवानगी मिळाली. नवी तारीखही मिळाली, मुदतीच्या आतली शेवटची.

तोवर गावभर झालं होतं... लिंगासाठी परीक्षा सोडून आला! वीरभद्रप्पा म्हणजे आमच्या समाजाचे पुढारी, अडतीचे व्यापारी. त्यांनी मठात सत्कार ठेवला. शिवू आदल्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन आला, "अप्पा, मी परत जायलोय परीक्षेला. परवानगी मिळालीय." ते म्हणाले, "ते राहू दे की आता. लोकास्नी चांगलं उदाहरण मिळायलंय." आणि दुसऱ्या दिवशी त्याला शाल घालून माईकवर जाहीर केलं, "नोकरीला लाथ मारली आमच्या पोरानं! परत त्या दारात पाय ठेवणार न्हाई!" मी बायकांतून ओरडले, "त्याला जायचंय परत!" पण टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

तारखेच्या दिवशी पहाटे तो पिशवी घेऊन स्टँडवर गेला आणि ऊन चढायच्या आत परत आला. "कामून आलास?" मी किंचाळलेच. म्हणाला, "लोकं पाया पडायलेत, अक्का. एका म्हातारीनं नातू आणून पायावर घातला माझ्या. कसा बसू गाडीत?" लोकांनी त्याला देव करून टाकला, आणि देवाला हैदराबादची गाडी कशी चालेल? मुदत गेली, कंपनीही गेली. तो तालुक्यात तारा ओढत, खांबांवर चढत राहिला. तो स्वतः कधी कुणावर चिडला नाही. त्याच्या वाटणीचंही मीच चिडते आहे.

गेल्या आठवड्यात वीरभद्रप्पा घरी आले. मठात दर वर्षी शिवूच्या नावानं निष्ठेचा पुरस्कार द्यायचा म्हणतात. "तो पूजेला बसायचा ती जागा दाव, बाई. फोटो घ्यायचाय." मी त्यांना ज्वारीच्या खोलीत नेलं. मशिनं जशीच्या तशी आहेत. मी धूळ पुसते, मधूनमधून चालू करते, थोडा वेळ बसते. त्या दिवशीही बटण दाबलं. पंखे घोंगावू लागले, हिरवे दिवे लुकलुकले. अप्पांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि त्या दिव्यांना हात जोडले!

"हात जोडू नका, अप्पा," मी म्हटलं. "त्याला परत जायचं होतं. त्यानं तुमाला येऊन सांगितलं होतं. तेवढं एकदा तोंडानं म्हणा."

अप्पांनी हात खाली घेतले. माझ्याकडं बघितलं, मशिनांकडं बघितलं. मग म्हणाले, "लई आवाज करायलंय. बंद कर की, बाई, ते."

मी बंद केलं नाही.