चित्राहुती आणि पोम्मेस

विटेवर उभ्या असलेल्या सावळ्या परब्रह्माला प्रथम नमन. त्याचे दोन्ही हात कमरेवर आहेत, हे त्याचे भाग्य. माझ्या एका हातात नातीचे जॅकेट आणि दुसऱ्यात तिची स्कूटर आहे. म्हणून हे नमन मनातल्या मनातच.

पुण्या-मुंबईहून जर्मनीत कार्ल्सरूहेला मुलांकडे आलेले आम्ही आजी-आजोबा राजवाड्याच्या बागेतील एका बाकावर जमतो. या दिवसांत बागेत चेस्टनट पडतात, तसे आमचे किस्सेही पडतच राहतात. वेचून वेचून खिसे भरतात. पण हे चेस्टनट खाण्याचे नव्हेत, असे सून सांगते. आमच्या किश्शांचेही तसेच आहे!

माझा मुलगा मंदार दर रविवारी आम्हाला ‘मुलांसह पाहण्यासारखे’ काहीतरी दाखवतो. माझी इच्छा मात्र एकच होती. आमच्या घरी जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवतात, पानाशेजारी चार शिते ठेवतात, हात जोडतात आणि मगच पहिला घास घेतात. ही चित्राहुती मंदारने केव्हाच सोडली. परत जाण्यापूर्वी सात वर्षांच्या अन्वीने, माझ्या एकुलत्या एक नातीने, निदान हात जोडावेत, एवढेच मागणे मी पांडुरंगाकडे मागितले होते.

* * *

पहिल्या रविवारी बागेतील छोट्या आगगाडीत बसलो. गाडी झाडांमधून वळसा घालून पुन्हा मूळ जागी येते. मला ती प्रदक्षिणाच वाटली! डोळे मिटले आणि नामस्मरण सुरू केले.

उतरल्यावर अन्वी वडिलांशी जर्मनमध्ये काहीतरी बोलली. तिला मराठी सगळे समजते. उत्तर मात्र जर्मनमध्येच येते.

“काय म्हणते रे?”

मंदार हसू दाबत म्हणाला, “आल्झो… म्हणजे… ती म्हणते, आजोबांना झोपायचंच होतं, तर घरी सोफा होता ना!”

* * *

त्याच बागेत हिरवळीवर डबा उघडला. मी भाताभोवती पाणी फिरवले, शिते ठेवली, हात जोडले. डोळे उघडतो तो समोर कबुतरांची पंगत! मागोमाग कुत्र्याची साखळी धरलेल्या एक बाई आल्या. “फरबोटन!” म्हणजे मनाई. कबुतरांना येथे खायला घालायचे नसते.

अन्वीचा चेहरा लाल झाला. स्वतःचा डबा उचलून ती दूर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

“बाबा,” मंदार हळूच म्हणाला, “मनातल्या मनात करा ना. देवाला कळतं.”

“मग तूही मनातल्या मनातच जेव!” मी म्हणालो.

बोललो खरा, पण ती छोटीशी पाठ पाहिल्यावर मी माझाही डबा मिटून टाकला.

* * *

बाकावरच्या नलूताई आमच्यात सर्वांत उत्साही. त्यांच्या नातवंडांसह आम्ही हायडेलबर्गचा किल्ला पाहिला. तेथे एक अवाढव्य लाकडी पिंप आहे. पायऱ्या चढून माणसे त्याच्या माथ्यावर जातात, दुसऱ्या बाजूने उतरतात, आणि सगळे कसे रांगेत, शांतपणे. नलूताईंनी चपला काढल्या, पदर सावरला आणि पिंपाला मनोभावे नमस्कार केला. नातवंडांनाही करायला लावला!

“अहो आई,” जावई धावत आले, “ते वाइनचं पिंप आहे!”

नलूताई चपला घालत म्हणाल्या, “असू दे. केलेला नमस्कार परत घेता येत नाही.”

सगळे हसले. मी मात्र मनात म्हटले, यांच्या नातवंडांनी निदान पिंपापुढे तरी हात जोडले!

* * *

एका पावसाळी रविवारी प्राणिविज्ञानाचे संग्रहालय गाठले. मत्स्यालयाच्या भल्या मोठ्या काचेपुढे मी अन्वीला मत्स्यावताराची कथा सांगितली: प्रलय, नाव, शिंग असलेला मासा. ती प्रथमच डोळे मोठे करून ऐकत होती! मला भरून आले. वाटले, पांडुरंगा, ऐकलेस रे.

कथा संपल्यावर तिने विचारले, “उंड वो इस्ट एर येत्स्ट?”

मंदारने सांगितले, “विचारते, मग तो आता कुठे आहे?”

“बाळा, सर्वत्र आहे. तुझ्यात, माझ्यात, पक्ष्यांत, माशांत.”

अन्वीने काचेला नाक लावले. एकेक मासा नीट पाहिला. मग काचेच्या कडेने वाकून मागची बाजूही तपासली.

“नाइन,” म्हणजे नाही, ती म्हणाली आणि डायनासोर पाहायला निघून गेली.

* * *

त्या संध्याकाळी मंदार माझ्याजवळ येऊन बसला. “बाबा, शेवटच्या रविवारी झूमध्ये जायचंय, प्राणी बघायला. तिची मैत्रीण लेना पण येणार आहे. तिथे ते पाणी वगैरे… नको. बागेतलं ते कळल्यापासून शाळेत पोरी हसतात हो.”

“हसतात?”

“हो. अन्वीच म्हणाली.”

जन्मभर ज्या रूपापुढे अभंग गायलो, त्याच्याशी त्या दिवशी एक शब्दही बोलावासा वाटला नाही. नलूताईंनी बाकावर विचारले, “काय, शिकली का नात काही?” मी म्हणालो, “तिने नाही, मीच शिकलो. गप्प जेवायला.”

* * *

तर झू. हत्ती पाहिले, पेंग्विन पाहिले, सीलचे जेवण पाहिले. मग आमचे जेवण: कागदी द्रोणात पोम्मेस, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या सळ्या. उघड्यावर टेबल, एका बाजूला अन्वी आणि लेना, समोर मंदार आणि मी. मी हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि एक सळी थेट तोंडाकडे नेली.

“हाल्ट!”

अन्वी ओरडली होती. माझा हात हवेतच राहिला. तिच्या द्रोणातील एकाही सळीला तिने हात लावला नव्हता.

“आजोबा, पाणी,” ती म्हणाली. मराठीत!

मी मंदारकडे पाहिले. मंदारने पेंग्विनांकडे पाहिले. अन्वीने वाट पाहिली नाही. बाटली उघडली आणि माझ्या द्रोणाभोवती धार धरली. इतकी की ओघळ टेबलावरून थेट तिच्या वडिलांच्या पँटवर! मग एका सळीचे तुकडे करून द्रोणाशेजारी ओळीने मांडले.

कुठूनसा एक चिमणा टेबलावर उतरला. मान वाकडी करून त्याने आम्हा सर्वांकडे पाहिले आणि पहिला तुकडा उचलला.

लेना घाबरून म्हणाली, “फरबोटन!”

अन्वीने तिच्या तोंडावर हात ठेवला, माझ्याकडे वळली आणि अगदी हळू, तो उडून जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

“डा इस्ट एर, आजोबा. हा बघा. इथे आहे.”

* * *

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. घराघरातले ताट भरलेले असो, आणि ताटापाशी आलेला कोणीही उपाशी परत न जावो.