पुढच्या खेपेचं गाठोडं

ठकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला होतो. खुटबावला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ‘तुझी लई वाट बघितली’ असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं... त्याला आता पाच आठवडे होतील.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्या घराण्यात मेंढरांमागं हिंडलेली शेवटची पिढी तिची. आम्ही पुढं शेतीला, कारखान्याला लागलो, पण तिचं अर्धं आयुष्य दर दोन-तीन दिवसांनी बिऱ्हाड घोड्यावर लादण्यात गेलं. कुठल्या ओझ्यात अजून काय बसेल हे ती नुसत्या नजरेनं सांगायची, आणि तिचा अंदाज चुकायचा नाही. हे ठाऊक असूनही मी तिच्याशी खोटं बोललो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोरेगाव भीमाच्या एका मित्रानं आणि मी जुनी मेटॅडोर घेतली. बाकडी काढून झोपायला प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या, शेगडी बसवली. दोघांनी बायकांना घेऊन बावीस दिवसांत कन्याकुमारी करून यायचं ठरलं. आत्याला समुद्र बघायचा होता. तिला घ्यायला गाडी खुटबावला गेली तर ती गाठोडं घेऊन ओट्यावर उभी. सुंभानं बांधलेली काळी घोंगडी होती ती, मेंढरांचा वास येणारी. मित्राची बायको चांगली शिकलेली, शहरातली. मला लाज वाटली. लाजच, दुसरा शब्द नाही.

“आत्या, गाठोड्याला जागाच न्हाई गं. पुढच्या खेपंला न्हेऊ.”

तिनं गाडीत एकदा डोकावून पाहिलं. “व्हय बाबा. नसंल.” आणि गाठोडं घरात ठेवून गाडीत येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी हुबळीजवळ आमचं पितळ उघडं पडलं. तांदळाच्या डब्यासाठी चार सुटकेस उतरवाव्या लागत होत्या. आत्यानं पदर खोचला. “समदं खाली घ्या. शेवटाला लागंल ते आधी भरा, रोजचं दाराशी ठिवा. रिकामं पातेलं कशाला वागवता? कांदं घाला त्यात. आन् वजन दोन्ही अंगाला सारखं, न्हाईतर घोड्याची पाठ सोलून निघती.” घोडा ऐकून सगळे हसले. पण अर्ध्या तासात गाडी मोकळी झाली, आणि फळीखाली बरोबर एका गाठोड्याएवढी जागा उरली. मी त्या जागेकडे बघत राहिलो. आत्या माझ्याकडे. “तुझं बूट ठेव हितं,” एवढंच म्हणाली.

उटीच्या थंडीत ती माझ्या बायकोच्या शालीत अंगाचं मुटकुळं करून झोपली. सकाळी मित्राची बायको हळहळली, “आत्या, तुमची ती घोंगडी आणायला हवी होती हो.”

“न्हवती ना बाई जागा,” आत्या म्हणाली.

कन्याकुमारीला ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पोरीसारखी हसली, पण मला मात्र तिच्याकडे नीट बघवेना. पुढची खेप मी कधी काढलीच नाही. आधी पाळ्या, मग घराचं बांधकाम, शेवटी गाडीच विकली. आजही कुठं निघालो की सामान मीच लावतो, लोक वाहवा करतात, आणि हे कुणी शिकवलं ते मी सांगत नाही.

गेल्या रविवारी आतेभावानं तिच्या खोलीत नेलं. दाराशीच ते गाठोडं होतं. सुंभ नवं होतं.

“दर वर्साला ऊन दावायची आन् पुन्ना बांधून दाराशीच ठिवायची,” तो म्हणाला. “इचारलं तर म्हणायची, पुढच्या खेपंला न्ह्यायचंय.”

एसटीनं शिरूरला परत येताना ते मी मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर तिकीट देता देता म्हणाला, “मामा, वर ठिवा की. लई जागा हाय.”

मला मान वर करवली नाही.