हरणाऱ्याने ट्रे उचलायचा

गुरुप्रसाद नेरुरकरांचं लग्न लागत होतं तेव्हा अंतरपाट धरलेला असताना ते बाजूने वाकून बघत होते म्हणे, नवरी ठरलेलीच आहे ना याची खात्री करायला. हे सुलेखावहिनी, म्हणजे त्यांची नवरीच, आजही चारचौघांत सांगतात आणि गुरुप्रसाद ते नाकारत नाहीत.

दोष सगळा स्वभावाचा नाही, थोडा नोकरीचाही आहे. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. बंदरात तेल भरून घेताना काही पुरवठादार पाइपातून हवा सोडतात. तेलाला फेस येतो, टाकी भरलेली दिसते, आणि फेस बसला की भरसमुद्रात कळतं की निम्मा मामला हवेचा होता. तरुणपणी एकदा असे फसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हे गृहस्थ तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पितात. चीफ इंजिनियर झाल्यावरही मोजपट्टी स्वतः टाकीत सोडायचे आणि फेस बसेपर्यंत सही करायचे नाहीत.

अशा माणसाचा जगात एकाच माणसावर विश्वास होता. शामकांत, त्यांचा जहाजावरचा जुना जोडीदार. दोघं निवृत्त होऊन सिंगापुरातच राहिले, गुरुप्रसाद मरीन परेडला, शामकांत आणि त्याची बायको प्रेमावहिनी टॅम्पिनीसला. दर सोमवारी सकाळी शामकांत बसने यायचा आणि दोघं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या सरकारी मंडईत, बसायचे. तिथे त्यांची पैज लागायची. गोल्फची.

दोघांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण टीव्हीवर स्पर्धा बघायचे, आणि अमेरिकेतला रविवार संपतो तेव्हा इथे सोमवारची सकाळ असते, म्हणजे निकाल गरमागरम. स्पर्धा कोण जिंकतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकाने पुढच्या स्पर्धेसाठी दोन खेळाडूंची जोडी लावायची, दुसऱ्याने त्यातला एक आपला म्हणून निवडायचा, उरलेला पहिल्याचा. दोघांपैकी ज्याचे फटके कमी तो जिंकला, मग तो स्पर्धेत तिसावा का येईना. जोडी आळीपाळीने लावायची. पैशाला हात नाही. हरणाऱ्याने कॉफी आणायची आणि शेवटी उष्ट्या कपांचा ट्रे उचलून रॅकवर ठेवून यायचं. न ठेवला तर इथे दंड होतो, त्यामुळे ही हार लपवताही येत नाही.

यंदा गुरुप्रसादांचा गुडघा बदलला. आणि गुडघा बदलल्यापासून ते एकदाही हरले नाहीत.

आता कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं दुसरा कोणी म्हणाला असता. गुरुप्रसाद कावळ्याची चौकशी करणारे. शामकांत, जो गोल्फमधला पक्का, तो भलतेच खेळाडू निवडायला लागला होता. जोडी लावायची पाळी त्याची असेल तर इतकी सोपी लावायचा की शेंबड्या पोरानेही बरोबर निवड करावी. वर कॉफी आणताना गोंधळ. गुरुप्रसादांची कोपी, म्हणजे इथली कॉफी, बिनसाखरेची, हे त्याला वर्षानुवर्षं ठाऊक. तरी दोनदा साखरेची आणली. एकदा स्टॉप चुकवून पुढे गेला आणि उशिरा आला.

"नाटक करतोय," गुरुप्रसाद घरी म्हणाले. "मला ट्रे उचलावा लागू नये म्हणून मुद्दाम हरतोय. दया करतोय माझ्यावर."

"अहो, जिंकताय ना? मग गप्प जिंका," सुलेखावहिनी म्हणाल्या.

पण फुकटची जीत गुरुप्रसादांच्या घशाखाली उतरेना. आयुष्यात एकच माणूस खरा मानला आणि तोही टाकीत हवा सोडतो की काय, या विचाराने त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. त्यांनी सापळा लावायचं ठरवलं.

संधी चालून आली. शनिवारी शामकांतचाच फोन आला. "गुरू, बघितलंस का? तो आयरिश मनगट धरून मैदानाबाहेर गेला. आता कसला खेळतोय तो." सोमवारी जोडी लावायची पाळी गुरुप्रसादांची होती. त्यांनी तोच आयरिश काढला आणि समोर नुकतीच स्पर्धा जिंकलेला कोरियन ठेवला.

"आयरिश," शामकांत लगेच म्हणाला. "मोठ्या मैदानावर तोच."

गुरुप्रसादांनी कप खाली ठेवला. सापडला चोर.

"शाम्या, मला लुळापांगळा समजतोस काय रे? गुडघा बदललाय माझा, डोकं नाही."

"काय झालं?"

"त्या आयरिशचं मनगट गेलंय."

"हो? अरे, मग आधी सांगायचंस ना. मला कसं कळणार?"

"तूच फोन करून सांगितलंस मला. शनिवारी."

शामकांत आधी हसला. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बावरले. गुरुप्रसाद त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते, नाटक कुठे दिसतंय ते शोधत होते. फेस कुठेच नव्हता. पातळीच खाली गेली होती.

साखरेची कोपी, चुकलेला स्टॉप, भलत्याच जोड्या. सगळं त्यांना आठवलं आणि त्यांना भीती वाटली. शरमही वाटली.

"प्रेमावहिनींना माहीत आहे?" त्यांनी हळू विचारलं.

"थोडंफार. तू तिला हे सांगू नकोस, गुरू. ती मला एकट्याला सोडणार नाही. माझा सोमवार जाईल."

"सांगणार," गुरुप्रसाद म्हणाले. "तुझ्यासमोर सांगणार. डॉक्टरकडे आपण सगळे जाऊ. सोमवार कुठे जात नाही. वहिनी तुला तिकडे बसमध्ये बसवतील, इकडे स्टॉपवर मी उभा असेन." मग कप उचलत म्हणाले, "कोरियन तू घे. आयरिश मला दे."

पुढच्या सोमवारी ते काठी टेकत स्टॉपवर उभे होते. शामकांत बरोबर उतरला. आयरिशने पहिल्या दिवशीच मनगट धरून माघार घेतली होती. काठी शामकांतकडे देऊन गुरुप्रसादांनी कॉफी आणली, आणि गप्पा संपल्यावर लंगडत ट्रे उचलला.

"गुरू," शामकांत मागून म्हणाला, "त्याचं मनगट गेलंय हे तुला माहीत होतं. तरी तू तोच घेतलास."

"वाटलं, बरं झालं असेल."

"तुला वाटलं? चौकशी न करता?"

शामकांत त्यांच्याकडे संशयाने बघत होता. मागच्या सोमवारचं त्याला सगळं आठवत होतं. गुरुप्रसादांना इतकं बरं वाटलं, की ट्रे ठेवताना चमचा खाली पडला तेही त्यांना कळलं नाही.